निपाणीच्या दादांना उत्तर: डबकी सोडा, भिंतीकडं बघा

दादा, तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की रे ट्रेसिंग, म्हणजे गेममध्ये उजेडाचे किरण कुठं जाऊन कसे उसळतात याचं गणित करून चित्र काढणं, हा नुसता ग्राफिक्स कार्डं खपवायचा धंदा, हजारो रुपये घालून रस्त्यावरच्या डबक्यात दुकानाची पाटी बघायची, त्यापायी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) निम्मा करून घ्यायचा, आणि एवढं करून २००४ चा हाफ-लाइफ २ हा गेम आजपण यापेक्षा देखणा दिसतो.

डबक्यांचं मान्यच की. २०१८ ला एनव्हिडियाची रे ट्रेसिंगवाली आरटीएक्स कार्डं आली तेव्हा बॅटलफिल्ड ५ या गेममध्ये रिफ्लेक्शनच दाखवली, गाडीच्या पत्र्यावर आग चमकते वगैरे, जाहिरातीत तेच पटकन डोळ्यात भरतं. पण त्यावरून सगळ्याचा निकाल लावू नका, खरं काम भिंतीवर चालतं.

बेळगावात शहापूर-वडगावच्या जुन्या कौलारू घरात एखादं काचेचं कौल असतं बघा. दुपारी त्यातनं उन्हाचा पट्टा लाल कोब्यावर पडतो, आणि उजेड काय तेवढ्या पट्ट्यापुरता राहत नाही, कोब्यावरनं उसळून भिंतीचा खालचा भाग तांबूस होतो, कोनाड्यातल्या समईच्या बुडाला पण तो रंग लागतो, वर आढ्याजवळ मात्र अंधारच. ढग आला की अख्खी खोली एका दमात राखाडी. हा उसळून आलेला उजेड म्हणजे ग्लोबल इल्युमिनेशन, आणि पैसे वसूल होतात ते इथं. मेट्रो एक्सोडस या गेमनं २०१९ ला हेच केलं, पडक्या खोलीत खिडकीतनं येईल तेवढाच उजेड, कोपरा काळा म्हणजे काळाच, आणि भुयारात-अंधारात जीव मुठीत धरून चालायच्या गेममध्ये ती नुसती सजावट नाही, भीतीच त्यातनं येते.

आता हाफ-लाइफ २. तो देखणा आहेच, पण का आहे ते बघा की. त्यात पण उजेड भिंतीवरनं उसळतोच, फक्त ते गणित गेम बनवतानाच करून भिंतीवर छापून टाकलंय, लाइटमॅप म्हणतात त्याला. म्हणून तिथं सूर्य जागचा हलत नाही. दिवस-रात्र फिरणारी ओपन वर्ल्ड करायची, भिंती फोडू द्यायच्या, तर छापलेला उजेड कसा पुरणार? आणि बनवणाऱ्यानं एक खिडकी सरकवली तर ते गणित परत करायचं, मग परत बघायचं. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूनं बोलायलंय, दादा.

धंद्याचं म्हणाल तर टर्नर व्हिटेड या संशोधकाचा रे ट्रेसिंगचा पेपर १९८० चा, तेव्हा गेमिंगचं कार्ड विकणारं कोणी नव्हतंच. अडचण वेळेची होती. ६० एफपीएसला एका फ्रेमला १६.६ मिलिसेकंद मिळतात आणि १०८०पीच्या पडद्यावर वीस लाखांवर पिक्सेल, त्यामुळं एका पिक्सेलमागं मोजकेच किरण सोडता येतात, चित्र दाणेदार येतं, ते दाणे डीनॉइझर नावाचा प्रोग्रॅम पुसतो. पुसताना कधीकधी हलत्या गोष्टींमागं फराटे राहतात, ते मलाही खटकतं. पण एफपीएस निम्माच होतो असं काय नाही, २०२१ ची मेट्रोची एनहान्स्ड एडिशन (त्याच गेमची सुधारलेली आवृत्ती) पीएस५ वर ६० नं चालते, सगळा उजेड रे ट्रेस करून.

तुमचा राग जिथं बरोबर आहे तिथं तो वेगळ्या कारणासाठी पाहिजे होता. २०२४ च्या इंडियाना जोन्समध्ये आणि २०२५ च्या डूम द डार्क एजेसमध्ये रे ट्रेसिंग बंद करायची सोयच नाही. आपल्याकडं जीटीएक्स १६५० सारख्या, रे ट्रेसिंगची सोय नसलेल्या कार्डावर खेळणारी पोरं कमी आहेत काय? त्यांच्यासाठी दार बंद. इंडियाना जोन्स २०१९ च्या आरटीएक्स २०६० सुपर कार्डावर चालतो, एक्सबॉक्स सिरीज एसवर पण ६० नं पळतो, हे खरं, तरी ज्याच्याकडं असलं कार्ड नाही त्याला त्याचा काय उपयोग. आणि टिळकवाडीच्या कॅफेत रात्रभर वॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम खेळणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी तर या नादाला लागूच नये, त्यांना फ्रेम पाहिजेत, उजेड नको.

तुमच्याकडं आरटीएक्स ३०६० कार्ड आहे म्हणालाय. पीसीवर मेट्रो एक्सोडस घेतला असेल तर एनहान्स्ड एडिशन फुकट मिळते, फक्त वेगळी डाउनलोड करायला लागते. १०८०पी ठेवा, डीएलएसएस (लहान चित्र काढून ते मोठं करायची सोय, त्यानं एफपीएस वाढतो) लावा, आणि खिडकी असलेली एकच खोली आधी जुन्या एडिशनमध्ये रे ट्रेसिंग बंद करून आणि मग एनहान्स्ड एडिशनमध्ये बघा, डबक्याकडं न बघता. नाही पटलं तर तसं लिहा, मी उत्तर देईन.