उभ्या गाडीचे उपद्व्याप

मोठा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा दांडा, आपला पराक्रम दाखवतो तो इंजिन चार-पाच हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) पुढे गेल्यावर. मुंबईत गाडी चालवणे म्हणजे मात्र मुख्यतः ती सिग्नलला उभी ठेवणे, आणि माझ्या जुन्या मारुती एस्टीमला नवा कॅम बसल्यापासून नेमके तेवढेच जमेनासे झाले.

कारण शास्त्रशुद्ध आहे. मोठ्या कॅममुळे जळका वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पुरता मिटण्याच्या बऱ्याच आधी ताजी हवा घेणारा इनटेकचा उघडतो, तेव्हा संध्याकाळी दादरला लोकलच्या दारात उतरणारे आणि चढणारे एकमेकांना भिडतात तसा प्रकार सिलिंडरच्या तोंडाशी होतो. इंजिन वेगात असताना बाहेर पडणारा वायू ताज्या हवेला मागोमाग ओढून घेतो. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, मात्र जळका वायू उलटा हवा आत आणणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये शिरतो, तिथला व्हॅक्यूम कमी होतो आणि तिथला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरला वाटते की कोणीतरी ॲक्सिलरेटर दाबला. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, लगेच पेट्रोल वाढवतो. मग मिसिंगमुळे, म्हणजे मधूनच पेट्रोल न पेटल्यामुळे, न वापरलेली हवा एक्झॉस्टमध्ये निसटते, तिच्यावरून ऑक्सिजन सेन्सर कळवतो की पेट्रोल कमी पडते आहे. दोघांवरही विश्वास ठेवून ईसीयू पेट्रोल ओतत राहतो. प्लग काळेकुट्ट होतात, डोळे चुरचुरतात आणि बिल मी भरतो.

"साहेब, हिची रेस वाढवा, नाहीतर ही सिग्नलला टिकणार नाही," मेकॅनिकने निदान केले. त्यानुसार आयडल ११०० वर नेला, इग्निशन थोडे ॲडव्हान्स केले, म्हणजे ठिणगी जरा आधी पाडली, आणि ऑक्सिजन सेन्सरचे आयडलपुरते ऐकायचे नाही, असे ईसीयूला बजावले. मग मांडीवर लॅपटॉप घेऊन पेट्रोल कणाकणाने कमी करत बसलो. पुस्तकातले १४.७ : १ हे हवा-पेट्रोलचे प्रमाण तिला मुळीच मानवेना, मीटर १३.५ च्या आसपास आला, तेव्हा कुठे प्रत्येक मिसिंगला मान डोलावणारा डॅशबोर्डवरचा गणपती जरा स्थिरावला. एवढ्यात मी एसी लावला आणि इंजिन बंद पडले. एसीचा भार सोसण्यासाठी आणखी थोडी हवा सोडणे हा त्यानंतरचा, आणि माझ्या मते सर्वांत कंटाळवाणा, अध्याय होता.

आता गाडी थरथरते, पण बंद पडत नाही. परवा सायनच्या सिग्नलला शेजारी बसलेल्या वडिलांनी भाजीची पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि शांतपणे विचारले, "एवढे पैसे मोजून हिला सुधारलीस, की आता सुधारणार आहेस?"