इंद्रलाल रॉय : नऊ की दहा?

जुलै उजाडला की भारतातून फॉरवर्ड यायला लागतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडून लढलेले वैमानिक इंद्रलाल रॉय २२ जुलै १९१८ ला फ्रान्समध्ये कार्व्हँजवळच्या हवाई झटापटीत पडले. वय १९. 'पहिला भारतीय फायटर एस, दहा विमानं पाडली' अशी पोस्ट (एस म्हणजे शत्रूची पाच किंवा जास्त विमानं पाडणारा), आणि खाली ठरलेली भांडणं. एक म्हणतो, इंग्रजांसाठी लढलेल्याचं कौतुक कशाला? दुसरा म्हणतो, मग मुंबईचे वेलिणकर आणि पंजाबचे हरदित सिंग मलिक या वैमानिकांनाही एस म्हणा, यादी एकाचीच का? पहिला वाद मतांचा आहे, तो चालत राहील. दुसरा कागदाचा आहे आणि तो कागद लंडनच्या क्यू भागात, नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे. रीडर्स तिकीट फुकट, आत पेन न्यायचं नाही, पेन्सिल चालते, मोबाइलने फोटो काढता येतात. इथे राहून हा वाद वाचताना जाणवतं ते एवढंच की आकड्यावर हातघाई होते, आकडा कोणत्या हिशेबाचा हे कुणी विचारत नाही.

मुळात ब्रिटिशांनी 'एस' ही पदवी अधिकृतपणे कधी दिलीच नाही. शब्द फ्रेंच वर्तमानपत्रांचा, पाचाचा उंबरठाही तिकडचाच. ब्रिटिश वैमानिक परतला की आर्मी फॉर्म डब्ल्यू ३३४८ भरायचा, 'कॉम्बॅट्स इन द एअर'. त्यात स्क्वॉड्रन, विमानाचा प्रकार आणि नंबर, तारीख, वेळ, उंची, ठिकाण, खाली हकिगत आणि मग निकाल : 'नष्ट', 'ताबा सुटून खाली गेलं' किंवा नुसतं 'खाली हुसकावलं'. मधला प्रकार हा सगळ्या घोळाचं मूळ. ब्रिटिशांचं धोरण शत्रूच्या हद्दीत घुसून लढायचं, त्यात वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, म्हणजे झटापट आणखी पूर्वेला सरकणार. पडलेलं विमान जर्मन बाजूला. सांगाडा बघायला जाणार कोण? जर्मनांना ते सोपं होतं, म्हणून त्यांचे नियमही कडक : साक्षीदार किंवा सांगाडा हवा, आणि एक विमान एकाच्याच नावावर. फ्रेंचांकडेही साक्षीदार लागत, पण तिघांनी मिळून पाडलं तर तिघांच्याही खात्यात एकेक पूर्ण जमा.

आता रॉय यांचा हिशेब मांडू. ४० स्क्वॉड्रन, विमान एस.ई.५ए. पहिला विजय ६ जुलैला, शेवटचा १९ जुलैला. ८ जुलैला तर चार तासांत तीन. आज सर्वमान्य असलेली यादी दहाची : पाच नष्ट, पाच ताबा सुटलेली, त्यांतली दोन भागीतली (दुसऱ्यांबरोबर मिळून पाडलेली), म्हणजे दोन्ही प्रकारांत एकेक. पण २१ सप्टेंबर १९१८ च्या लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, त्यांच्या मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस या शौर्यपदकाचं मानपत्र आहे, त्यात तेरा दिवसांत नऊ विमानं लिहिली आहेत. आणि फक्त नष्ट झालेली, तीही एकट्याने पाडलेली, एवढीच धरली तर चार उरतात. दहा, नऊ, चार. माणूस तोच, तेरा दिवसही तेच. चार म्हटलं की आपल्याकडे लोक अंगावर येतात, पण त्यात अपमान काही नाही. तोच निकष लावला तर मोठमोठ्या ब्रिटिश नावांचेही आकडे असेच गळतात. इटलीने तर युद्ध संपल्यावर फेरतपासणी करून १ फेब्रुवारी १९१९ ला नवी यादी काढली आणि आपल्याच कित्येक वीरांचे आकडे कमी केले. मला विचाराल तर दहा लिहावं आणि शेजारी 'पाच नष्ट, पाच ताबा सुटलेली, दोन भागीतली' हेही लिहावं. ओळ थोडी लांबते, एवढंच.

फोटोंचा घोळ वेगळाच. रॉय यांना मिळालेला हा क्रॉस सुरू झाला जून १९१८ मध्ये. सुरुवातीला त्याच्या फितीवरचे पट्टे आडवे होते, तिरपे झाले जुलै १९१९ पासून. तेव्हा छातीवर तिरप्या पट्ट्यांची फीत असलेला फोटो 'रॉय' म्हणून आला तर तो रॉय यांचा नाही. क्रॉस जाहीर झाला तेव्हा ते हयातच नव्हते. विमानावर 'पंजाब' असं रंगवलेलं दिसलं म्हणून शेजारचा वैमानिक पंजाबी ठरत नाही. देणगीच्या पैशातून आलेल्या विमानांवर देणगीदारांची नावं घालायची पद्धत होती. आणि २०० च्या पुढचा स्क्वॉड्रन नंबर दिसला तर सावध : १ एप्रिल १९१८ ला लष्कराचं आणि नौदलाचं हवाई दल एकत्र होऊन आरएएफ झालं, तेव्हा नौदलाच्या स्क्वॉड्रनांच्या नंबरात २०० मिळवले, नौदलाचा ८ होता तो २०८ झाला. त्याआधीचा माणूस २०८ मध्ये शोधून सापडणार नाही.

वेलिणकर एस नव्हते. मलिक यांच्या नावावरही साधारण दोनच विजय धरले जातात. म्हणून ते लहान होत नाहीत, पण यादी फुगवून मोठेही होणार नाहीत. वेलिणकर २३ स्क्वॉड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवायचे. २७ जून १९१८ च्या गस्तीवरून परतले नाहीत, ३० जूनला जखमांनी गेले, फ्रान्समधल्या आंगारच्या स्मशानात त्यांची कबर आहे. असा माणूस शोधायचा तर क्रम असा : आधी नॅशनल आर्काइव्ह्जच्या एअर ७६ मालिकेतली अधिकाऱ्याची सेवानोंद, मग आरएएफ म्युझियमकडचा कॅज्युअल्टी फॉर्म, त्यावरून तारीख आणि विमानाचा नंबर, मग एअर १ मधले स्क्वॉड्रनचे कागद, आणि शेवटी ते विमान पाडल्याचा जर्मन बाजूचा दावा. इथे घड्याळ चुकवतं. १९१८ च्या उन्हाळ्यात जर्मन वेळ एक तास पुढे होती. ब्रिटिश कागदावरचे सकाळचे नऊ म्हणजे जर्मन कागदावरचे दहा. हे विसरलं की भलताच जर्मन वैमानिक गळ्यात पडतो.

नावाचं मात्र क्यूमध्ये काही जमत नाही. वडिलांचं नाव मध्ये घालायची आपली रीत इंग्रज कारकुनाला ठाऊक नव्हती, आणि रोमन स्पेलिंगवरून वेलिणकर, वेलिंगकर की वेलणकर हे लंडनमध्ये बसून ठरत नाही. मीही इथे वेलिणकर लिहिलंय ते स्पेलिंगच्या जवळचं म्हणून. खात्री मुंबईतच होईल : शाळेचं जनरल रजिस्टर, नाहीतर जुलै-ऑगस्ट १९१८ चे 'केसरी' आणि 'ज्ञानप्रकाश'चे अंक. तेवढं कुणी चाळलं तर इकडचे कागद लावून द्यायला वेळ लागणार नाही.