‘रिमॅप केलं की छोटी गाडी मोठीच्या बरोबरीला’ : थोडा खुलासा

‘एअर फिल्टर, एक्झॉस्ट आणि ईसीयू रिमॅप एवढं केलं की साधी स्पोर्ट्स कार वरच्या मॉडेलला गाठते, गाडी बदलणं म्हणजे पैशांची उधळपट्टी’ असा दावा सध्या फिरतोय (ईसीयू रिमॅप म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाची सेटिंग बदलणं). तो अर्धाच खरा आहे.

टर्बो इंजिनात, म्हणजे हवा दाबून आत ढकलणाऱ्या इंजिनात, रिमॅपने बूस्ट (त्या हवेचा दाब) वाढवता येतो, त्यामुळे ताकद जाणवण्याइतकी वाढते. टर्बो नसलेल्या इंजिनात मात्र हवा ओढण्याची मर्यादा तीच राहते. तिथे हाती लागते ती किरकोळ वाढ आणि पुष्कळ आवाज. (आवाजालाच वेग समजणारे कमी नाहीत!)

टोयोटाचंच उदाहरण घ्या. २०१२ च्या जीटी८६ मध्ये २.० लिटरचं, टर्बो नसलेलं, सुमारे २०० अश्वशक्तीचं इंजिन होतं. टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) २०५ न्यूटन-मीटर, तोही साडेसहा हजार आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) आसपास. पुढच्या जीआर८६ मध्ये इंजिन २.४ लिटरचं झालं आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क ३,७०० आरपीएमलाच मिळू लागला. हा फरक फिल्टरने भरून निघत नाही. टर्बो किट बसवायचं, तर क्लच, कूलिंग आणि ब्रेकचा खर्च मागोमाग येतोच. वॉरंटी व विम्याचा प्रश्न वेगळा.

म्हणून मॉडिफिकेशन वाया जातं असं नाही. चांगले टायर, ब्रेक पॅड आणि सस्पेन्शन यांनी वळणावर गाडी खरोखर बदलते. तक्रार वळणाची असेल तर गाडी ठेवा. सरळ रस्त्यावरच्या जोराची असेल, तर माझ्या मते विकून वरची घेणंच स्वस्त पडतं, कारण विकताना मॉडिफिकेशनचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.