खुलासा : फोटोसाठी फुलपाखरू फ्रिजमध्ये ठेवू नका

‘फुलपाखरू १० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, शांत बसतं, त्याला इजा होत नाही’ असा मॅक्रो फोटोग्राफीचा (अगदी जवळून मोठा फोटो काढण्याचा) सल्ला देणारा मेसेज सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

फुलपाखराला उडण्यासाठी छातीतले स्नायू साधारण ३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागतात. फ्रिजमध्ये तापमान असतं ४ अंशांच्या आसपास. तिथून काढलेलं फुलपाखरू शांत नसतं, हतबल असतं. अंगात ऊब येईपर्यंत मुंगी किंवा कोळी आला तरी त्याला हलता येत नाही. शिवाय पकडताना पंखांवरचे खवले गळतात, ते पुन्हा उगवत नाहीत. आणि असा फोटो जाणकाराला ओळखूही येतो: पाय आखडलेले, काडीवर पकड नाही.

स्थिर फुलपाखरू हवं असेल तर सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोहोचा. रात्रीच्या गारव्यानं ते आपणहून सुस्त असतं. ट्रायपॉड लावा, कॅमेऱ्याचा सेन्सर (म्हणजे कॅमेऱ्याची पाठ) मिटलेल्या पंखांना समांतर ठेवा; मग पूर्ण पंख स्पष्ट यायला एफ/८ अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचं माप) पुरतं. वारा नसेल तर शटर १/४ सेकंद उघडा राहिला तरी चालतो. फुलपाखरू बसलेली काडी तोडू नका. ऊन आलं की ते पंख पसरून तापू लागतं, तेव्हा त्यावर आपली सावली पडू देऊ नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.