पहिल्या दुरुस्तीने नव्हे, मुदतीने वाचवलं

अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर वाद पेटला की कोणीतरी बोलण्या-छापण्याचं स्वातंत्र्य हिरावणारा कायदा करायला मनाई करणारी अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती हुकमाच्या एक्क्यासारखी टाकतोच. "तिकडे सरकारला असा कायदा करताच येत नाही!" येत नाही, पण केला होता. दुरुस्ती १५ डिसेंबर १७९१ ला मंजूर झाली आणि १४ जुलै १७९८ ला राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी राजद्रोहाच्या कायद्यावर सही केली. सरकार, काँग्रेस (तिथली संसद) किंवा राष्ट्राध्यक्षांविरुद्ध खोटं आणि बदनामीकारक लिहिलं, छापलं तर २००० डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद.

ही यादी नीट वाचा. तिच्यात उपराष्ट्राध्यक्ष नाही, कारण त्या खुर्चीवर विरोधी पक्षाचे थॉमस जेफर्सन बसले होते. त्यांना हव्या तेवढ्या शिव्या द्या, कायदा आड येणार नाही!

राज्यघटनेचे एक प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन यांना असल्या धोक्याची कल्पना होती. हक्कांच्या याद्यांना ते कागदी तटबंदी म्हणत. बहुमत हाती आलं की ती कोणीही ओलांडतो. त्यांचा भर रचनेवर होता. प्रतिनिधी २ वर्षांसाठी, राष्ट्राध्यक्ष ४, सिनेटर ६, न्यायाधीश तहहयात. म्हणजे एका निवडणुकीच्या लाटेत सगळं कोणाच्या घशात जाऊ नये. सैन्यासाठीचा पैसासुद्धा एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीसाठी मंजूर करता येत नाही.

या हिशेबात राजकीय पक्ष मात्र नव्हते. १७९८ मध्ये दोन्ही सभागृहं, राष्ट्राध्यक्ष आणि न्यायाधीश, सगळेच फेडरलिस्ट, म्हणजे ॲडम्स यांच्या पक्षाचे. प्रतिनिधिगृहात कायदा ४४ विरुद्ध ४१ असा जेमतेम निघाला, पण निघाला. एकमेकांवर नजर ठेवायची ती माणसं एकाच पंगतीला बसली होती.

कागदावर कायदा इंग्लंडपेक्षा उदार होता, हे मान्य करायलाच हवं. लिहिलेलं खरं असल्याचं सिद्ध केलं तर सुटका, आणि निकाल ज्यूरीच्या हातात. पण मत खरं कसं सिद्ध करणार? व्हरमाँटचे काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन यांनी ॲडम्स यांच्यावर हास्यास्पद थाटामाटाच्या हावेचा आरोप केला होता. खटला न्यायमूर्ती विल्यम पॅटरसन यांच्यापुढे चालला. हे पॅटरसन म्हणजे राज्यघटनेवर स्वतः सही करणाऱ्यांपैकी एक. लायन यांनी थेट त्यांनाच विचारलं: तुम्ही राष्ट्राध्यक्षांकडे जेवायला जाता ना, मग थाटमाट दिसला की नाही? पॅटरसन म्हणाले, साधेपणाच दिसला. शिक्षा चार महिने आणि १००० डॉलर दंड. लायन तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून आले.

कायदा घटनाबाह्य कोणी ठरवला? कोणीच नाही. तो संपला तो त्याच्याच पोटातल्या एका कलमामुळे: अंमल ३ मार्च १८०१ पर्यंत, म्हणजे ॲडम्स यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवसापर्यंत. सत्ता गेल्यावर हेच हत्यार आपल्यावर उलटेल, एवढा व्यवहार फेडरलिस्टांना कळत होता. १८०० ची निवडणूक ते हरले. जेफर्सन आणि त्यांच्याच पक्षाचे ॲरन बर यांना सारखीच मतं पडल्याने निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली, तिथे प्रत्येक राज्याला एक मत. ३६ व्या फेरीत व्हरमाँटचं मत जेफर्सनना मिळालं आणि ते टाकलं कोणी, तर लायन यांनी.

मुदतीच्या कलमातही एक पाचर होती: कायदा चालू असताना घडलेल्या गुन्ह्यांचे खटले आणि शिक्षा मुदत संपल्यावरही चालू राहतील. त्यामुळे जेफर्सन यांना शिक्षा झालेल्यांना माफी द्यावी लागली. लायन यांचा दंड सरकारने व्याजासह परत केला तो १८४० मध्ये, त्यांच्या वारसांना.

आपल्याकडे १८७० मध्ये आलेल्या राजद्रोहाच्या कलम १२४अ ला मुदतच नव्हती. टिळकांना १८९७ आणि १९०८ मध्ये त्यानेच तुरुंगात धाडलं आणि दंडसंहिता बदलेपर्यंत, म्हणजे २०२४ पर्यंत, ते पुस्तकात राहिलं. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याला मात्र मुदत होती. वाढवत वाढवत तो १९९५ पर्यंत आला आणि संसदेने पुढे वाढवला नाही म्हणून संपला. तरी पाचर तिथेही होतीच: १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा टाडा न्यायालयातला निकाल लागला तो २००६-०७ मध्ये, कायदा जाऊन दहा वर्षं उलटल्यावर.