आधी बघू, मग भांडू

फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी या भारतीय चित्रकारांच्या सात कलाकृती मुंबईच्या कस्टम्सने अश्लील ठरवून अडकवून ठेवल्या होत्या. ब्रिटनमधल्या लिलावांत रीतसर विकत घेऊन मुंबईला नेलेली ही चित्रं. जुलै २०२४ मध्ये ती जप्त करण्याचा हुकूम निघाला. २५ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं असं बजावलं आणि दोन आठवड्यांत चित्रं सोडायला लावली.

यावरून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चांगलीच जुंपली. सोलापूरचा मावसभाऊ म्हणाला, "कोर्टानं सोडलं म्हणून काय झालं? असली चित्रं काढायची गरजच काय, ते सांग ना." पुण्याची वहिनी कलास्वातंत्र्याच्या बाजूने तावातावाने लिहीत होती. दोघंही मनापासून बोलत होते. फक्त त्या सातांपैकी एकही चित्र दोघांनी पाहिलेलं नव्हतं. आपल्याकडचे कलेवरचे बहुतेक वाद असेच होतात आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

त्याच दिवसांत इथे लंडनमध्ये बार्बिकन या कलाकेंद्रात १९७५ ते १९९८ या काळातल्या भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन चालू होतं. आणीबाणीपासून पोखरणच्या अणुचाचण्यांपर्यंतचा काळ, तीस कलाकार. गुलाममोहम्मद शेख यांचं आणीबाणीच्या वर्षातलं निर्मनुष्य शहर होतं, ठाण्याच्या सुधीर पटवर्धनांची कष्टकरी माणसं होती, नागपूरच्या सवींद्र सावरकरांची चित्रं होती. मी मात्र जास्तीत जास्त वेळ थांबले ती नलिनी मलानी यांच्या दालनात.

उर्दू लेखक मंटोच्या फाळणीवरच्या कथेवरून सुचलेली, १९९८च्या अणुचाचण्यांनंतर केलेली ही मांडणी. अंधाऱ्या खोलीत जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका, आपल्या पलंगाखाली किंवा माळ्यावर असतात तशाच. झाकणं उघडी, आत अंथरूण आणि त्यात एकेक टीव्हीचा पडदा, त्यावर घर सोडून निघालेल्या माणसांची दृश्यं. समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका. दोघी एकाच साडीची घडी घालू पाहताहेत, पण एक या भिंतीवर, दुसरी त्या भिंतीवर. मध्ये अख्खी खोली, त्यात आपण उभे. साडीची घडी काही होत नाही.

माझ्या शेजारची माणसं भिंतीवरची माहिती वाचून पुन्हा पडद्याकडे बघत होती. त्यांच्या बघण्यात आस्था होती, त्याबद्दल मला आदरच आहे. पण नऊवारीची नीट घडी घालायला समोर टोक धरणारं कुणीतरी लागतं, हे आपल्या घरातल्या बाईला वाचावं लागत नाही. सोलापुरात तर चादरींच्या दुकानात हे रोज चालतं. मावसभावाला त्या खोलीत उभं केलं असतं तर फाळणी, बॉम्ब, मंटो यांतलं काहीही न सांगता त्याच्या पोटात कालवलं असतं. माझ्यापुरता कलेचा अर्थ तिथे आहे: फाळणीबद्दल ठाऊक असलेलंच त्या दोन टोकांमध्ये उभं राहिल्यावर अंगावर आलं. ते फोनवर पाठवलेल्या फोटोतून होत नाही. ऐकीव माहितीवर तर नाहीच नाही.

इथलं सगळं छान असं मी म्हणत नाही. बार्बिकनला तिकीट होतं. शिवाय इथलेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. १९६६ मध्ये याच लंडनच्या एका गॅलरीतून पोलिसांनी जिम डाइन या अमेरिकन चित्रकाराची चित्रं उचलून नेली होती आणि गॅलरीवाल्याला दंड झाला होता. आपल्याकडे १९५४ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनातल्या चित्रावरून पदमसींवर खटला झाला, ते निर्दोष सुटले. सत्तर वर्षांनी पुन्हा पदमसीच, पुन्हा तोच आरोप. मधल्या काळात इथल्या लोकांना बघायची सवय लागली, कारण टेट या संग्रहालयासारख्या ठिकाणी कायमचा संग्रह फुकट बघता येतो आणि शाळेतली पोरं त्या चित्रांसमोर फरशीवर मांडी घालून बसतात. गोव्याच्या साळगावात जन्मलेल्या सूझाचं 'क्रूसिफिक्शन' टेटच्याच संग्रहात आहे. चित्रकार एम. एफ. हुसेन तर मावसभावाच्याच जिल्ह्यातले, पंढरपूरचे. खटले आणि धमक्यांपायी देश सोडावा लागला, शेवट लंडनमध्ये झाला. त्यांच्याबद्दल सोलापुरात मतं भरपूर ऐकू येतात. त्यांची मूळ चित्रं किती जणांनी पाहिलीत?

हे आपल्याकडे जमत नाही असंही नाही. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून वर्षानुवर्षं काम करत चित्रं काढणाऱ्या पटवर्धनांनीच २००८च्या सुमारास 'विस्तारणारी क्षितिजे' नावाने समकालीन चित्रांचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत फिरवलं होतं. एका चित्रकाराने पुढाकार घेतला म्हणून ते झालं. हे दरवर्षी व्हायला हवं आणि ते शासनाने करायला हवं. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातली चाळीस-पन्नास चित्रं महिनाभर सोलापूरला, मग नांदेडला, जळगावला जावीत. विमा, पहारा, वाहतूक यांना पैसा लागतो, तो सरकारने द्यावा. चित्राशेजारी सोप्या मराठीत चार ओळी असाव्यात आणि प्रश्न विचारले तर उत्तर देणारं माणूस असावं.

मावसभावाला मी हे सगळं लिहून पाठवलं. तो म्हणाला, "आणा इकडं, बघू. पण नाही आवडलं तर तोंडावर सांगणार." सांगू दे की. मग आमचं भांडण निदान चित्रावरून तरी होईल.