वाऱ्याला वाट द्या म्हणे!

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली रे आली, की आमच्या घणसोली गावाच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. ‘चक्रीवादळात घर वाचवण्याचे जाणत्यांचे उपाय’. त्यात म्हटलंय की ठाणे-नवी मुंबई खाडीच्या आत आहे, इथे वादळाची भीती नाही. तरी वारा सुटलाच, तर वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा होतो आणि छप्पर उडत नाही. काचांवर चिकटपट्टीची फुली मारा. कोंबड्या मोकळ्या सोडा, मुक्या जीवाला सगळं आधी कळतं. यंदा हा मेसेज माझ्या सख्ख्या काकांनीच टाकला, म्हणून लिहायला बसलो. काकांना तोंडावर उत्तर देण्याची आमच्यात पद्धत नाही.

खाडीच्या आत असल्याचं आधी बघू. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला चक्रीवादळाने झोडपलं होतं. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं. ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं. ते थोडं वर सरकलं असतं तर आपल्याच डोक्यावर होतं. १७ मे २०२१ ला तौक्ते तर मुंबईजवळ जमिनीला टेकलंही नाही, समुद्रातूनच गुजरातकडे गेलं, आणि तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले. खाडी वारा अडवत नाही, उलट भरतीचं पाणी आत आणते. नवी मुंबईतले धारण तलाव भरतीच्या वेळी खाडीकडची दारं बंद ठेवून पावसाचं पाणी साठवतात. त्या चार-पाच तासांत मुसळधार कोसळला, तर सखल भागातलं पाणी जाणार कुठे? म्हणून वादळाच्या इशाऱ्याबरोबर भरतीची वेळ बघायची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास असेल, तर उधाण धरूनच चालायचं.

आता खिडकी. मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच, कारण ऐकायला तो शास्त्रीय वाटतो. घर म्हणजे काही हवाबंद डबा नव्हे. कौलांच्या फटी, पत्र्याखालची मोकळी जागा, मोरीचं भोक, यांतून दाब आपोआप सारखा होत असतो, आणि वादळात तो काही एका क्षणात उतरत नाही. छप्पर उडतं ते वाऱ्याने. छपरावरून सुसाट जाणारा वारा पत्रा वर खेचतो. त्यात खिडकीतून आत घुसलेला वारा खालून रेटा देतो, म्हणजे दोघं मिळून एकाच बाजूला जोर लावतात. ‘उलट बाजू’ तरी कुठे टिकते? तौक्ते आपल्या पश्चिमेकडून वर सरकत गेलं, तसा वारा आधी आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून, मग नैऋत्येकडून येत गेला. सकाळी आडोशाची असलेली खिडकी दुपारी वाऱ्याच्या तोंडावर आलेली असते. वादळाचा डोळाच डोक्यावर आला, तर मधे सगळं शांत होतं आणि थोड्या वेळाने वारा एकदम उलट्या दिशेने येतो. तेव्हा शांत वाटलं म्हणून बघायला बाहेर पडू नका. सगळ्या खिडक्या, सगळी दारं, कड्या लावून बंद.

चिकटपट्टीने काच मजबूत होत नाही. फुटली तर चार मोठे, धारदार तुकडे एकत्र उडतात, एवढंच. खिडकीला बाहेरून प्लायवूड ठोका, तेवढा वेळ किंवा पैसा नसेल तर जाड पडदा ओढून काचेपासून लांब बसा.

कोंबड्यांबद्दल मात्र मला जरा जास्तच बोलायचंय. कोंबडीला कळतं, हे खरं. पण तिला कळतं काय? अंधारून आलं की घरी जायचं. आभाळ भरून आलं की भर दुपारीसुद्धा ती खुराड्याकडे वळते, आणि अंधारात तिला धड दिसत नाही. म्हणजे तुम्ही सकाळी मोकळी सोडलेली कोंबडी ऐन वादळात त्याच खुराड्यात येऊन बसणार, जिथला पत्रा सगळ्यात आधी जाणार. २०२१ ला आमचा गेला. पत्रा धरून ठेवणारे वाकड्या टोकाचे जे-हुक बोल्ट गंजून सुतासारखे झाले होते. एक कोपरा आधी फडफडला, मग अख्खा पत्रा शेजारच्या शेवग्यात. आमच्या बारा कोंबड्या तेव्हा डाल्यांखाली, म्हणजे कोंबड्या झाकायच्या बांबूच्या टोपल्यांखाली, घरात होत्या. शेजारच्यांनी सोडलेल्यांपैकी दोन दुसऱ्या दिवशी गटाराच्या कडेला, चिखलात पंख पसरलेल्या सापडल्या.

आदल्या रात्री, कोंबड्या बसल्या की उचलायच्या. तेव्हा त्या भांडत नाहीत. एका डाल्यात तीन-चार, वर गोणपाट, अंधारात त्या गप्प राहतात. पण गोणपाटच, प्लॅस्टिक नको, गुदमरतील. दोन कोंबडे एका डाल्यात कधीच नाही. डाल्याखाली विटा, त्यावर फळी, तिच्यावर भुसा. खुडूक, म्हणजे अंडी उबवत बसलेली, कोंबडी असेल तर ती अंड्यांसकट टोपलीतच न्या. एरवीही ती दिवसातून पंधरा-वीस मिनिटं उठतेच, तेवढ्यात अंडी बिघडत नाहीत. कोंबडीला दिवसाला साधारण पाव लिटर पाणी लागतं, मे महिन्यात जास्त, आणि खाद्य शंभर-सव्वाशे ग्रॅम. बारा कोंबड्यांना तीन दिवस म्हणजे दहा लिटर पाणी आणि साडेचार किलो खाद्य. वीज गेली की पंप बंद, त्यामुळे पाणी आधीच भरून ठेवा. कणीचं पोतं भिजलं तर वाळवून घालू नका, बुरशी धरते. कोंबड्यांना ओल्या भुशावर ठेवलं तर रक्ती हगवण लागते. पहाटे कोंबडा घरात आरवतो तेव्हा झोपेचं काय होतं, हे विचारू नका.

येत्या रविवारी खुराड्याचे बोल्ट बदलायचेत आणि पत्र्यावरून तार ओढून खुंट्यांना बांधायचीय. शिडी काकांकडे आहे. मागायला जाईन, तेव्हा त्यांनी हे वाचलेलं असेल.